डिस्कच्या जागी कॉग : गियरच्या सायकलीची फिक्स्ड कशी होते

पायडल मारायचं थांबलं तरी सायकल पुढे जात राहते, कारण मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पुढे जोर लावला की ते चाकाला पकडतं, पाय थांबले की सोडून देतं. फिक्स्ड गियर सायकलीत हे फ्रीव्हीलच नसतं. मागचा कॉग, म्हणजे ज्या दात्यांच्या चकतीवर चेन बसते ती, चाकाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, पक्की जोडलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. पाय आवरले की चाक आवरणार, उलटे मारले की सायकल मागे जाणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळलं, त्याआधीच्या जवळपास सगळ्या सायकली अशाच होत्या. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे खास सायकल शर्यतीच्या ट्रॅकवरच्या, सायकली आजही अशाच असतात.

मग घरात उभी असलेली जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, अशी करून घ्यायची कशासाठी? माझ्यासाठी पहिलं कारण कोल्हापूरचा पावसाळा. गगनबावड्याच्या रस्त्याला लागा किंवा पंचगंगेकाठच्या शेतवाटांनी जा, परत येईपर्यंत डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, दोन्ही छोट्या चाकांत तांबडा चिखल आणि गवत भरलेलं असतं. फिक्स्डला मागे एक कॉग, पुढे एक चेनव्हील आणि मध्ये एक सरळ चेन. धुतली, तेल दिलं, काम झालं. दुसरं कारण पायांचं. फिक्स्डवर पायडल अखंड गोल फिरवावंच लागतं, त्यामुळे झटके देत चालवायची सवय काही आठवड्यांत सुटते. आणि एमटीबीच का, तर तिचे जाड टायर आपले रस्ते सोसतात आणि तिचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो भाग, जमिनीपासून रेसर सायकलीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच असतो. वळणावर किंवा स्पीडब्रेकरवर पाय थांबवता येत नसताना ही उंची फार मोलाची ठरते, पायडल जमिनीला टेकत नाही.

खरा प्रश्न आहे कॉग हबला पक्का कसा करायचा हा. एमटीबीच्या मागच्या हबला उजवीकडे दोनपैकी एक व्यवस्था असते. थोड्या महागातल्या सायकलीत कॅसेट, म्हणजे कॉगची चळत, असते आणि फ्रीव्हीलची यंत्रणा हबच्याच अंगात, फ्रीहबमध्ये बसवलेली असते. ती वेल्डिंग करून जाम करणारे आहेत. त्या उष्णतेने आतल्या कडक केलेल्या भागांचं पाणी उतरतं, छर्रे आणि ग्रीस जळतात आणि हब पुन्हा पूर्वीसारखा कधीच होत नाही. स्वस्तातल्या सायकलीत हबवर आटे असतात आणि फ्रीव्हील त्यावर फिरवून बसवलेलं असतं. हे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. ट्रॅक सायकलीच्या कॉगचे आटेही नेमके तेच. त्यामुळे फ्रीव्हील काढावं, ट्रॅकचा कॉग फिरवून बसवावा, झालं, असं कुणालाही वाटतं.

धोका इथेच आहे. पुढे पायडल मारताना कॉग घट्ट होत जातो. पण फिक्स्ड सायकल हळू करताना पाय उलटा जोर देतात, आणि तो जोर कॉगला बाटलीच्या झाकणासारखा आट्यांवरून सोडवू पाहतो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर कॉगच्या बाहेर आणखी एक पायरी असते, थोडी लहान आणि उलट्या आट्यांची. तिच्यावर लॉकरिंग बसते. कॉग सुटायला निघाला की तो लॉकरिंगला ज्या दिशेने ढकलतो, त्याच दिशेने ती आवळली जाते. साध्या फ्रीव्हील हबवर ही पायरी नसते. त्यावर जुन्या बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग आणि थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, लावून चालवणारे आहेत, आणि सपाटीवर ते चालूनही जातं. उतारावर, घाईच्या क्षणी, पूर्ण ताकदीनिशी पाय आवरताना मात्र ते सुटू शकतं, आणि नेमक्या त्याच क्षणी पायांचा ब्रेक हवा असतो. मी हा मार्ग कुणालाही सुचवणार नाही. ट्रॅकचा हब आणावा तर तो १२० मिमी रुंद आणि एमटीबीच्या फ्रेममध्ये जागा १३५ मिमी. म्हणजे दोन्हीकडे स्पेसर, नवे स्पोक, नवीन चाक विणणं, हे सगळं आलं.

आता त्याच हबची डावी बाजू बघा. डिस्क ब्रेक असेल तर तिथे रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, बसायला सहा भोकं असतात, ४४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर, एम-५ बोल्टची. बहुतेक कंपन्यांच्या हबवर हेच माप असतं. हे सहा बोल्ट अ‍ॅक्सलला समांतर, हबच्या अंगात सरळ आत जातात. चकती पुढे ओढली काय आणि मागे ओढली काय, फिरून सुटण्यासारखं तिथे काहीच नाही. साध्या एमटीबीच्या चाकावर दोन्ही दिशांचा जोर सारख्याच निश्चिंतीने पेलणारी ही एकच जागा. रोटर काढायचा, त्या जागी सहा भोकांचा कॉग बसवायचा आणि चाक उलटं करायचं, म्हणजे डिस्कची बाजू उजवीकडे, चेनच्या बाजूला येते. सगळी युक्ती एवढीच.

हा भाग ब्रेकसाठी बनवलेला आहे, पायडलचा जोर त्याला झेपेल का, ही शंका रास्त आहे. हिशोब करून बघू. ७० किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, पूर्ण वजनाने उभा राहिला तर क्रँकला साधारण ११७ न्यूटन-मीटर पिळा बसतो. पुढे ३२ दाते आणि मागे १६ असतील तर हबपर्यंत त्याचा निम्मा, म्हणजे ५८-५९ पोचतो. बोल्ट मध्यापासून २२ मिमीवर आहेत आणि सहा आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४५ किलोचा भार. हँडल खेचून चढ चढताना तो दुप्पट झाला असं धरू. चांगल्या प्रतीचा एम-५ बोल्ट आडवा कापायला त्याच्या कितीतरी पट, सहाशे किलोच्या वर जोर लागतो. शिवाय घट्ट आवळलेल्या बोल्टमुळे चकती आणि बैठक यांच्यातलं घर्षणही भार उचलत असतं. आता ब्रेकची बाजू. हाच माणूस सायकलसह ८३ किलो धरला आणि त्याने पुढचा डिस्क ब्रेक जोरात दाबला, तर पुढच्या हबच्या याच सहा बोल्टच्या बैठकीवर १३० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळा येतो. पायडलवर नुसतं उभं राहून येतो त्याच्या दुप्पट.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. चाक उलटं केल्यावर जोराची दिशा काय होते? सायकल डावीकडून बघितली तर चाक घड्याळाच्या उलट फिरतं, आणि ब्रेक त्याला विरोध करतो म्हणजे घड्याळाच्या दिशेने पिळतो. उलटं केलेलं चाक उजवीकडून बघा. चाक घड्याळाच्या दिशेने फिरतंय आणि पायडलही त्याच दिशेने पिळतंय. म्हणजे हबच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. ज्या दिशेने ब्रेकचा जोर पेलायला ती बैठक आणि त्या बाजूचे स्पोक तयार केले होते, त्याच दिशेने आता पायडलचा जोर येतोय.

दोन गोष्टी तेवढ्या आधी तपासा. डिस्कची बैठक हबच्या मूळ अंगातूनच घडवलेली हवी. काही हबवर ती आट्यांनी बसवलेला वेगळा तुकडा असते. तसं असेल तर उलटा जोर पुन्हा आट्यांवरच येणार, आणि सगळा उद्देश फसणार. दुसरं म्हणजे भोकांमधले आटे. हब अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आधीच्या कुणी बोल्ट जादा पिळले असतील तर आटे गेलेले असतात. असा हब घेऊ नका. शिमानोच्या सेंटर लॉक हबवर मात्र बोल्ट नसतात, दातेरी खाचा आणि लॉकरिंग असते. त्याला हा कॉग बसत नाही.

कॉग कुठून आणायचा? ब्रिटनमधल्या व्हेलोसोलोसारख्या लहान कंपन्यांनी असे तयार कॉग विकले आहेत. पण आपण कोल्हापुरात आहोत. शिवाजी उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी आहे. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांपासून मोटारींच्या कास्टिंगपर्यंत कामं रोज हातावेगळी करणाऱ्या गावात ३ मिमी जाडीची एक दातेरी चकती निघणार नाही असं होत नाही. फक्त तिथे ‘सायकलचा पार्ट पाहिजे’ असं सांगत उभं राहू नये. पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास), बोअर (मधल्या भोकाचा व्यास), जाडी आणि दाते, ही मापं कागदावर घेऊन जावं.

पीसीडी ४४, त्यावर ६० अंशांच्या अंतराने सहा भोकं, बोल्ट जेमतेम जाईल अशी, ५.२ मिमीच्या आसपास. बोअर हबच्या मधल्या कड्यावर व्हर्नियर लावून मोजा आणि तो सैल होऊ देऊ नका, कारण कॉग केंद्रावर बसवण्याचं काम ते कडं करतं. कॉग अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला सरकला तरी चेन प्रत्येक फेरीत एकदा ताठ आणि एकदा ढिली होत राहील. जाडी ३ मिमी घेतली तर आपल्या जुन्या काळ्या सायकलींची चेन, अर्धा इंच पिच (दोन पिनांमधलं अंतर) आणि आठवा हिस्सा इंच रुंदीची, त्यावर छान बसते. ती कुठल्याही सायकल दुकानात मिळते आणि दणकट असते. गियरची पातळ चेन वापरायची असेल तर दाते २ मिमीच्या थोडे वर, एवढ्यापर्यंत बारीक करावे लागतील. पुढचं गियरचं चेनव्हील पातळ असलं तरी रुंद चेन त्यावर चालते.

दाते किती हे आवडीवर सोडता येत नाही, खालची मर्यादा भूमितीच ठरवते. १४ दात्यांच्या कॉगवर चेनच्या पिनांचं वर्तुळ ५७ मिमी व्यासाचं असतं. चेनच्या पट्ट्या साधारण साडेआठ मिमी उंच, म्हणजे त्यांची आतली कड ४८-४९ मिमीच्या वर्तुळावर येते. बोल्टची डोकी मात्र ५३ मिमीपर्यंत पसरलेली. चेन सरळ डोक्यांवर चढणार. १५ दात्यांना हीच कड साडेबावन्नवर येते, म्हणजे घासाघीस. १६ ला ती साडेछप्पन्नवर जाते आणि मोकळीक मिळते. तरीही हबच्या बैठकीचा बाहेरचा व्यास मोजून घ्या, कारण चेनची आतली पट्टी तिच्यावरूनही जाते. १७ किंवा १८ दाते घेतले तर ही काळजी उरत नाही.

लेझर कटिंगने अशी चकती सहज निघते. आधी एक साध्या माइल्ड स्टीलची काढून बसवून बघा, चेन फिरवा, मापं पटली की मग ईएन-८ या जास्त मजबूत पोलादात काढून दात्यांना हार्डनिंग द्या. हार्डनिंगमध्ये पातळ चकती वाकू शकते, म्हणून परत आणताना सरफेस प्लेटवर ठेवून सपाट आहे ना ते बघा. कॉग रोटरपेक्षा जाड असल्यामुळे बोल्टही तेवढे लांब लागतील, १२ मिमीच्या आसपास. पण आत टेकतील इतके लांब नकोत. थ्रेडलॉक लावा, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा. शेवटचा पिळा ५-६ न्यूटन-मीटरचा. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांना त्याहून जास्त देऊ नका.

कॉगनंतर सगळ्यात जास्त डोकं लागतं ते चेनच्या ताणाला. गियरच्या सायकलीत डिरेलर खालची चेन ताणून धरतो, एकच गियर पण फ्रीव्हील असलेल्या सिंगल स्पीडला स्प्रिंगचा टेन्शनर चालतो. फिक्स्डला यातलं काहीही लावता येत नाही. पाय आवरले की ताण खालच्या चेनवर येतो आणि स्प्रिंगचा हात त्या झटक्यात वाकतो किंवा तुटतो. ताण चाक मागे ओढूनच आणायचा. जुन्या काळ्या सायकलींच्या फ्रेममध्ये अ‍ॅक्सलची खाच मागच्या बाजूला उघडी असते, चाक मागे सरकवून नट आवळला की काम होतं. तुमच्या एमटीबीची खाच अशी आडवी असेल तर अर्धी लढाई जिंकलीत. त्यात क्विक रिलीजपेक्षा, म्हणजे खटका दाबून आवळायच्या जोडणीपेक्षा, नटांचा अ‍ॅक्सल बरा, जोराने चाक तिरकं सरकत नाही.

पण बहुतेक गियरच्या सायकलींची खाच खाली उघडी, उभी असते. चाक मागेपुढे होतच नाही. मग दात्यांच्या बेरजेशी खेळावं लागतं. पुढचे आणि मागचे मिळून एक दाता वाढवला की चाक सुमारे ३.२ मिमी पुढे ओढलं जातं. चेनमध्ये एक हाफ लिंक, म्हणजे एकाच पिचची कडी, घातली की ते ६.३५ मिमी मागे जातं. म्हणजे ३२-१६ ला चेन ढिली राहत असेल तर ३२-१७ ला ती नेमकी बसू शकते, किंवा ३३-१७ ला. कधी कधी दोन-तीन कॉग काढून बघावे लागतात. कॉग उद्यमनगरातच काढायचे असल्यामुळे निदान हे तरी आपल्या हातात आहे. चेन थोडी झिजली की उभ्या खाचेत तो ताण परत आणता येत नाही, चेन बदलावी लागते, हे आधीच मनाशी धरा. मागे शॉक असलेल्या सायकलीचा नादच सोडा. तिच्यात क्रँक ते चाक हे अंतर खड्ड्याखड्ड्याला बदलतं.

ताण किती असावा? मधोमध बोटाने चेन वर-खाली केली तर सेंटिमीटरभर हलावी. क्रँक पूर्ण फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथे मोजा. ताठ चेन बेअरिंग खाते. ढिली चेन त्याहून वाईट. ती उतरून कॉग आणि फ्रेममध्ये अडकली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. याच कारणाने चेन सरळ रेषेतही हवी. १३५ मिमीच्या हबवर डिस्कची बैठक फ्रेमच्या मध्यापासून साधारण ५२ मिमीवर असते, कॉगचा मध्य त्याच्या दीड मिमी बाहेर. तीन चेनव्हीलच्या क्रँकवर मधलं चेनव्हील ४७ ते ५० च्या दरम्यान असतं आणि बाहेरचं ५५ च्या पुढे. नेमकं दोन्हींच्या मधे येतं, म्हणून बॉटम ब्रॅकेटची लांबी बदलून किंवा चेनव्हीलच्या बोल्टखाली पातळ वॉशर देऊन जुळवा. गियर बदलायला सोपं जावं म्हणून ज्या चेनव्हीलच्या बाजूला खाचा आणि पिना दिलेल्या असतात ते इथे नको. चेन ढकलून देणं हेच त्याचं काम असतं.

३२-१६ म्हणजे दोनास एक. २६ इंची चाकाला पायडलच्या एका फेरीत सायकल चार मीटरच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी २२ किलोमीटर. शहरात, रंकाळ्याच्या बाजूने, विद्यापीठाच्या चढाला हे प्रमाण मला योग्य वाटतं. ३६-१६ घेतलं तर सपाटीला मजा येते, पण पाय आवरून थांबवणं जड जातं. वाघबिळाच्या उतारावर ताशी ४० ला दोनास एकच्या सायकलीचे पाय मिनिटाला १६० हून जास्त वेळा फिरतात. हे सरावाच्या माणसालाही फार वेळ झेपणारं नाही.

म्हणून पुढचा ब्रेक काढायचा नाही. मागचा डिस्क ब्रेक या बदलात जातोच, कारण त्याची जागा कॉगने घेतली आणि ती बाजू बदलली. फ्रेमला व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिम दाबणाऱ्या ब्रेकचे, खुंट असतील तर मागे तो जरूर लावा. वेलोड्रोमवर ब्रेक नसतात कारण तिथे सगळेच तसे असतात आणि समोरून रिक्षा येत नाही. पायडलला पट्टे लावा. पाय एकदा निसटला की फिरणारं पायडल पुन्हा पकडणं अवघड, आणि ते नडगीवर बसतं. पँटची मोहरी बांधा, ओढणी असेल तर खोचून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं : चाक फिरत असताना चेनला हात लावू नका. साध्या सायकलीत बोट चेनमध्ये आलं तर फ्रीव्हीलमुळे सगळं थांबतं. फिक्स्डमध्ये फिरणाऱ्या चाकाची सगळी ताकद बोटाला चेनव्हीलमध्ये ओढते, आणि बोटं तुटल्याची उदाहरणं आहेत. चेन पुसायची तर चाक हाताने, हळू, सुटं बोट दात्यांपासून लांब ठेवून फिरवा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगा.

चाक उलटं करताना टायरही काढून उलटा घाला, नाहीतर त्याच्यावरचा बाण मागे दाखवेल. रिमचा आउट, म्हणजे डगमग, आधी काढून घ्या. रिम मधोमध असेल तर चाक कुठल्याही बाजूने घातलं तरी मधेच राहतं. पहिल्या फेरीनंतर सहाही बोल्टना पुन्हा पाना लावा. पुढे-मागे दोन्हीकडे जोर बसत असल्यामुळे सुरुवातीला ते किंचित बसतात.

कॅसेटचा हब असेल तर आणखी एक सोय आपोआप मिळते. आता डावीकडे गेलेल्या फ्रीहबवर, स्पेसर घालून, तेवढ्याच दात्यांचा एक सुटा कॉग चढवून ठेवा. चाक काढून परत सुलटं घातलं की तीच सायकल फ्रीव्हीलची होते, चेन तीच, ताण तोच. १९३७ सालाच्या आधी टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी नव्हती, तेव्हा शर्यतीतले सायकलपटू चढाच्या पायथ्याशी उतरून असंच चाक उलटं घालत आणि दुसऱ्या कॉगवर चेन चढवत. पन्हाळ्याला जाताना शिवाजी पुलापासून गडापर्यंत फिक्स्डवर चढा, आणि वर पोचल्यावर चाक पलटून उतरा. मात्र खाली उतरताना पाय ब्रेकचं काम करणार नाहीत, म्हणून हे मागे व्ही-ब्रेक असलेल्या सायकलीनेच करायचं. नटांचा अ‍ॅक्सल असेल तर १५ चा पाना पिशवीत टाकायला विसरू नका.